लाल शाईचा शिक्का

मतदान गुप्त असतं, असं कुणी सहज म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. परवा नात नागरिकशास्त्राचा धडा मोठ्याने वाचत होती, त्यात हे वाक्य आलं. मी तिच्यावर खेकसलो, ती रडली आणि सुनेने मला चार शब्द ऐकवले. सुनेचं बरोबर होतं. पण त्या वाक्याशी माझं जुनं वैर आहे, ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

बहात्तर साली मी तिसगावच्या बाजारापासून सात-आठ मैलांवरच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. बायको तिकडे कोल्हारला शाळेत, लहान मुलगी तिच्याजवळ. मी एका खोलीत स्टोव्हवर भात शिजवून खायचो आणि दर उन्हाळ्यात बदलीचा अर्ज करायचो. अर्ज नगरला जाऊन कुठे पडायचा देव जाणे. तिकडे प्रवरेचं पाणी, आणि इकडे होळी झाली की विहिरींचे तळ दिसायचे. माझा स्वभाव मुळातच तिरसट, एकटं राहून तो आणखी बिघडला होता.

गावात एका माणसाचा शब्द चालायचा. तो सोसायटीचा चेअरमन होता, म्हणून त्याला सगळे चेअरमनच म्हणत, अगदी घरातलेसुद्धा. दिसायला सभ्य माणूस. आवाज कधी चढायचा नाही, शिवी तोंडात नाही. शिवी देणारा माणूस मला परवडतो, निदान कळतं तरी की तो काय करणार आहे. चेअरमन गोड बोलायचा आणि समोरच्याच्या घशाला कोरड पडायची. तो जाऊन बरीच वर्षं झाली, माझा राग काही गेलेला नाही.

गावापासून दोन मैलांवर माळावर एक वाडी होती. पन्नास-साठ घरं, सगळी कोरडवाहू. दसरा झाला की निम्मे पुरुष ऊसतोडीला कारखान्याकडे जायचे ते चैत्र-वैशाखात परतायचे. मागे बायका, म्हातारी माणसं आणि पोरंबाळं. वाडीची विहीर फाल्गुनात आटायची. मग पाऊस येईपर्यंत वाडीच्या बायका चेअरमनच्या मोसंबीच्या बागेत पाण्याला जायच्या. तिथल्या विहिरीवर इंजिन होतं. बाग भिजली, जनावरं पिऊन झाली की अकराच्या सुमाराला हौदाची तोटी बायकांसाठी सोडायची, अशी पद्धत. गावात याला चेअरमनचं पुण्य म्हणत. त्या पुण्याची फेड वाडीने दर निवडणुकीत करायची, चेअरमन सांगेल त्या चिन्हावर शिक्का मारून.

आणि ती फेड झाली की नाही हे तपासायची सोय सरकारनेच करून ठेवली होती. पूर्वी प्रत्येक केंद्राची पेटी वेगळी मोजत. कोणत्या गावाने कुणाला किती मतं दिली ते संध्याकाळी मोजणीच्या टेबलावर कळायचं आणि सकाळी चेअरमनच्या ओसरीवर. त्या सुमाराला यात दोन सुधारणा झाल्या. लांबच्या वाड्यांना स्वतःचं केंद्र मिळालं, आमच्या वाडीला तिच्या एका खोलीच्या शाळेत. आणि मोजणीआधी सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र ओतून मिसळायच्या, म्हणजे कुठल्या गावाचं मत कुणाला गेलं ते कुणालाच कळू नये, असा नियम आला. तालुक्याला प्रशिक्षणात साहेबाने हे सांगितलं तेव्हा मी टाळी वाजवली. एकट्यानेच. शेजारचे मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मला त्याची लाज वाटली नाही. चेअरमनच्या हातातलं काहीतरी काढून घेतलंय याचा मला मनापासून आनंद झाला होता.

वाडीच्या केंद्रावर नेमलेला केंद्राध्यक्ष ऐन वेळी आजारी पडला आणि त्याच्या जागी मला पाठवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी पेटी, कागदांची पिशवी, दोन मदतनीस आणि एक पोलीस घेऊन मी वाडीत पोचलो. चेअरमनच्या घरून आमच्यासाठी जेवण आलं होतं, मटणाचं. मी ते परत पाठवलं. मदतनीस माझ्यावर रुसले, पोलीस तर उघड चिडला.

शेवटी पिठलं-भाकरी घेऊन आली ती वाडीतली एक म्हातारी. तिला लहानथोर आत्या म्हणत. थंडीत मतदारयादी तपासायला मी घरोघर फिरलो होतो तेव्हापासून ती मला ओळखत होती. मुलगा आणि सून दोघं कोयत्यावर, ऊसतोडीला गेलेले, घरात ती आणि दोन नाती. भाकरीचं फडकं सोडून ती उंबऱ्याशी बसली.

हळूच म्हणाली, "गुरुजी, एक इचारू का? कुनाला दिलं त्ये कळतं का वो मागनं?"

"आता नाही कळत," मी म्हणालो.

"बायांचं चाललंय, औंदा दुसऱ्याला द्यावं. त्यो म्हनतो वाडीला सरकारी हीर आनतो. आनंल न आनंल. पन चेअरमनला कळलं तर हाय त्ये पानी जाईल."

कुणाला मत द्या हे सांगण्याचा मला अधिकार नव्हता आणि ते मी सांगितलंही नाही. पण गप्पही बसलो नाही. मी तिला मिसळण्याचा नियम समजावला. म्हणालो, "चार घरची ज्वारी एका कणगीत ओतल्यावर कुणाचा दाणा कुठला हे सांगता येईल का?"

"येतंय की," आत्या म्हणाली. "मालदांडी येगळी दिसती."

मला हसू आलं. मी म्हणालो, "आत्या, सगळे कागद एकसारखे, शिक्का एकसारखा. मी शपथेवर सांगतो, कळणार नाही."

शपथ घ्यायची काही गरज नव्हती. पण मी घेतली, आणि ती उठून गेली. तासाभरात ती घरोघर जाऊन आली असणार. वाडी केवढी ती.

सकाळी सातला रांग लागली. सगळ्या बायकाच. हंडे-घागरी शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, कारण अकराला तोटी सुटायच्या आत तिथून बागेकडे जायचं होतं. आठला मतदान सुरू करायचं म्हणून मी सामान मांडायला घेतलं आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून बघितला. काही उमटलं नाही. पॅड खडखडीत वाळलेलं. पिशवीत दुसरं होतं, तेही तसंच. मार्चच्या उन्हात तालुक्याच्या गोदामात पडून असलेला माल, कुणी तपासायची तसदी घेतली नव्हती. ज्याने ते पिशवीत भरलं त्याला मी तिथल्या तिथे मोठ्याने शिव्या दिल्या. मदतनीस माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

गावातलं केंद्र दोन मैलांवर होतं. पोलिसाला सायकलवर पाठवलं असतं तर तासाभरात पॅड आलं असतं. पण तासभर उशीर म्हणजे निम्म्या बायकांची पाण्याची वेळ टळणार, आणि त्या मत न देताच निघून जाणार. शिवाय मला स्वतःच्या हुशारीचा ताठा होता. माझ्या पिशवीत तपासायला आणलेल्या पोरांच्या वह्या होत्या आणि वह्यांबरोबर लाल शाईची दौत. मी टोपण काढलं आणि दोन्ही पॅडांवर लाल शाई ओतली. शिक्का स्वच्छ उमटला. अशी चूक फक्त मास्तरच करू शकतो.

चेअरमनचा पुतण्या त्याच्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून समोरच्या बाकावर बसला होता. त्याने दौत उचलून बघितली, टोपण घट्ट लावलं आणि माझ्या हातात परत दिली. "गुरुजी लई हुशार," एवढंच म्हणाला. मला ते कौतुक वाटलं.

आत्या पहिल्या पाचांत होती. आडोशातून बाहेर आली, घडी पेटीत टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कुकवावानी उठतंय की वो." तिला ते आवडलं होतं. साडेदहापर्यंत रांग संपली आणि बायका हंडे उचलून बागेकडे गेल्या. मी डायरीत लिहिलं की पॅड वाळलेली आढळली, स्वतःजवळची शाई वापरून मतदान वेळेवर सुरू केलं. संध्याकाळी पेटी जमा करताना साहेबाने ती नोंद वाचून माझ्या पाठीवर थाप मारली.

मोजणीलाही मला नेमलं होतं, तालुक्याच्या एका गोदामात. आधी पेट्या एकेक करून उघडल्या, कागद नुसते पालथे मोजून त्यांचे गठ्ठे बांधले आणि मग गठ्ठे सोडून सगळे एका मोठ्या पिंपात ओतले. दोन शिपाई दोन्ही हातांनी कोपरापर्यंत ते ढवळत होते. चेअरमनचा पुतण्या इतर प्रतिनिधींबरोबर बांबूच्या कठड्यापलीकडे उभा होता. मी त्याच्याकडे बघून मनात म्हटलं, आता शोध. असं म्हणताना मला जो आनंद झाला तसला आनंद पुन्हा कधी झाला नाही.

मग टेबलांवर कागद आले आणि आम्ही ते उलगडायला लागलो. जांभळा शिक्का, जांभळा, जांभळा. आठव्या की नवव्या कागदावर लाल.

माझे हातच थांबले. काय केलंय ते मला त्या क्षणाला कळलं, त्याआधी एकदाही कळलं नव्हतं. पिंपात अख्ख्या मतदारसंघाचे कागद होते आणि लाल शिक्का फक्त एका वाडीचा. शेजारच्या टेबलावरही लाल आला, त्याच्या पुढच्यावरही. ते सगळे चेअरमनच्या विरोधातल्या उमेदवाराच्या खणात पडत होते, आणि लांबून, कठड्यापलीकडूनही, ओळखू येत होते. एका मास्तराने साहेबाला विचारलं, शिक्का लाल आहे, मत बाद करायचं का? साहेब म्हणाला, शिक्का सरकारी आहे, रंगाचं काही नाही, धरा. मी मनातल्या मनात त्याच्या हातापाया पडत होतो की बाद कर, सगळे बाद कर. बोललो मात्र नाही. पुतण्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक रेघा ओढत होता.

चेअरमनचा उमेदवार प्रचंड मतांनी निवडून आला. वाडीच्या मतांची त्याला गरजही नव्हती. म्हणूनच मला तो माणूस आजही सहन होत नाही. हरला असता तर चिडला असं म्हणता आलं असतं. जिंकून, गुलाल लावून, पेढे वाटून झाल्यावर चौथ्या दिवशी त्याने तोटी बंद केली.

बंद केली असं तो म्हणाला नाही. इंजिन बिघडलंय म्हणाला. इंजिनाचा आवाज गावात मला माझ्या खोलीत ऐकू यायचा, बाग रोज भिजत होती. हौद मात्र कोरडा. वाडीच्या बायका मग तीन मैलांवरच्या नदीत जायला लागल्या. नदीत वाळूच होती. वाळूत कमरेएवढा खड्डा खणायचा, तळाशी पाणी पाझरून वाटीभर साचलं की वाटीने हंड्यात भरायचं, त्याला झिरा म्हणतात. एक हंडा भरायला अर्धा-पाऊण तास. वाडीच्या शाळेत येणाऱ्या मुली यायच्या बंद झाल्या, आत्याच्या दोन्ही नातीसुद्धा.

मी वाडीत गेलो. आत्या दारात बसून पायाला तेल लावत होती. टाचा फाटलेल्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं की शिक्का लाल होता म्हणून कळलं, आणि लाल शाई मी ओतली.

तिने विचारलं, "मुद्दाम?"

"नाही."

"मंग ऱ्हावू द्या," ती म्हणाली आणि पुन्हा पायाला तेल लावायला लागली. चांगली ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथून तडक चेअरमनकडे गेलो. रागाने माझे कान तापले होते. त्याला काय काय बोलायचं ते मी दोन मैल घोकत गेलो, तहसीलदाराकडे तक्रार करतो, पेपरात छापून आणतो, असलं सगळं.

तो ओसरीवर बसला होता. "या गुरुजी," म्हणाला. "बसा. च्या आना रं गुरुजींना."

मी बसलो नाही. म्हणालो, "वाडीचं पाणी सोडा. त्यांचा दोष नाही. ती शाई माझी होती, चूक माझी झाली."

तो माझ्याकडे कौतुकाने बघत राहिला. "चूक कसली?" तो म्हणाला. "गुरुजी, तुमी लई मोठं काम केलं आमचं. पुतन्या म्हनला मला, सरकारनं घोळ घातला पन मास्तरनं निस्तारला. मी इसरनारा मानूस न्हाई."

मी म्हणालो, मी मुद्दाम केलेलं नाही.

"न्हाई ना केलं," तो हसून म्हणाला. "आमी कुठं म्हनतो केलं म्हनून? असल्या गोष्टी बोलायच्या नसत्यात." मग चहा आला. माझा हात पुढे झाला आणि मी कप घेतला. तक्रारीचं, पेपरचं, यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. चहा पिऊन होईपर्यंत त्याने मला विचारलं, "मंडळी कोल्हारलाच हायती न्हवं?"

मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. कोल्हार. पाच वर्षं अर्ज करत होतो, ते काम एका कप चहात झालं. हा हुकूम कुठून आला हे मला कळत होतं आणि वाडीला काय वाटेल हेही कळत होतं. तो नाकारता आला असता, निदान रागाच्या भरात तरी. पण माझा सगळा राग दुसऱ्यांवर खर्च करायला लागतो, स्वतःवर वेळ आली की तो पुरत नाही. मुलगी पाच वर्षांची झाली होती आणि मला काका म्हणायची. मी हुकूम घडी करून खिशात ठेवला आणि दोन दिवसांत सामान बांधलं. वाडीत निरोप घ्यायला गेलो नाही. वाटेत वाडीच्या बायका झिऱ्यावरून येताना दिसल्या, तेव्हा मी एस.टी.च्या खिडकीपासून आत सरकून बसलो.

मी गेल्यावर, पाऊस पडायच्या आधीच, जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. वाडीच्या केंद्रावर दुसरा एक शिक्षक गेला होता. पुढे दिवाळीच्या सुट्टीत नगरला तो मला भेटला, आम्ही स्टँडसमोर चहा प्यायला बसलो. तिथे माझ्याआधी कोण होतं हे त्याला माहीत नव्हतं. निवडणुकीची गंमत सांगतो म्हणाला.

"एक म्हातारी पहिली आली," तो सांगायला लागला. "शिक्का मारला आणि कागद तसाच उघडा धरून आडोशाबाहेर. मी म्हटलं, आजी, घडी घाला. ऐकेच ना. सरळ चेअरमनच्या पुतण्यासमोर गेली, कागद त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, नीट बघून घे बाबा. मग पेटीत टाकला. तिच्यामागे रांगेतली एकेक बाई तेच करायला लागली. कागद उघडा, आधी त्याला दाखवायचा, मग पेटीत. मी ओरडलो, अहो, मत गुप्त असतं. तर ती म्हातारी दारातून वळून काय म्हणाली माहीतंय? म्हणाली, गुपित तुमच्या घरी ठेवा मास्तर, आमाला पानी पायजे."

तो इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला. हॉटेलातले दोघे-तिघेही हसले.

मी विचारलं, "मग? पाणी मिळालं का?"

"दुसऱ्याच दिवशी तोटी सुटली," तो म्हणाला. "काही म्हणा, चेअरमन शब्दाचा पक्का माणूस."

मी हो म्हणालो आणि दोघांच्या चहाचे पैसे दिले.